बारवेचा चार्ज

घनसावंगीला माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा खोली बघायला म्हणून मी मामांच्या घरी गेले. मी जालन्यात वाढलेली, एकटी, लग्न न झालेली. घरमालक काय काय विचारतील त्याची उत्तरं मी एसटीत बसल्या बसल्या तयार करून ठेवली होती. खाणंपिणं विचारतील, कोण येणार-जाणार ते विचारतील, लग्नाचं तर विचारतीलच. मामांनी यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. मी कनिष्ठ अभियंता आहे एवढं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बांधणाऱ्या इंजिनेर का बघणाऱ्या?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "बांधकाम शाखेत आहे."

"म्हंजे बांधणाऱ्या," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. मामींनी मागून डोळे वटारले म्हणून खोली मला मिळाली, नाहीतर त्याच एसटीनं परत जावं लागलं असतं.

मामा म्हणजे माझे कोणी सख्खे मामा नव्हेत. गावात सगळेच त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. रस्त्याच्या खात्यात ते मैलकुली होते. हा शब्द आता आमच्याच ऑफिसातल्या नव्या पोरांना कळत नाही, म्हणून सांगते. पूर्वी रस्त्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका माणसाच्या हवाली केलेला असे. त्याला त्याचा मैल म्हणायचे. त्या माणसानं रोज आपल्या मैलावर यायचं. खड्डा दिसला की मुरूम टाकायचा, कडेची नाली मोकळी करायची, पडलेली फांदी ओढून बाजूला करायची, मैलाच्या दगडाला चुना लावायचा. नवीन काही करायचं नाही, आहे ते बिघडू द्यायचं नाही. मामांनी उभी हयात एवढंच केलं. पुढे ही पदं हळूहळू बंद झाली. कोणाला काढलं नाही, फक्त जो निवृत्त झाला त्याच्या जागी दुसरा भरला नाही. कागदावर हे फार सभ्य दिसतं.

मामा निवृत्त झाले त्या दिवसाची गोष्ट मामी सांगायच्या. मामा सकाळी पाटी, फावडं, टिकाव धुऊनपुसून मैलाच्या दगडाशी जाऊन बसले. चार्ज घ्यायला नवा माणूस येईल म्हणून. दुपार झाली, उन्हं कलली. शेवटी ऑफिसातला एक शिपाई सायकलवरून आला आणि म्हणाला, मामा, कोणी येणार न्हाई, अवजारं स्टोअरला जमा करा आन् घरी जा. मामा घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मामी म्हणायच्या, "माझी सासू गेली तवा बी ह्यांनी असं केलं न्हवतं."

एवढं झालं तरी दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या रस्त्यावर फावडं लावलं नाही. पाट्या-खोरी घरची होती, वेळ होता, हात शिवशिवत होते, पण नाही. आपला चार्ज सुटला. आता तो मैल दुसऱ्याचा, मग तो दुसरा असो नसो. "दुसऱ्याच्या मैलात हात घालायचा न्हाई," हे त्यांचं ठाम मत होतं. "आपुन हात घातला की त्याला वाटतं, चला, कोणीतरी बघून राह्यलंय. मंग तो येतच न्हाई." मी त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घालायची. रस्ता खराब होतोय ना डोळ्यांदेखत, मग? ते म्हणायचे, "मॅडम, तुम्हाला खात्याची शिस्त अजून बराबर कळली न्हाई."

बाकी घरात मात्र हे गृहस्थ कोणालाही स्वस्थ बसू देत नसत. नळ ठिबकतोय, तर मामा त्याचा वायसर बदलेपर्यंत जेवायला बसायचे नाहीत. माझ्या स्कूटीचा नट ढिला असला तर मी उठायच्या आत तो आवळलेला असायचा. भिंतीत कुठं केसाएवढी चीर दिसली की नख घालून बघायचे, खोल आहे का वरवरची. एकदा माझ्या लग्नासाठी जालन्याहून एक स्थळ बघायला आलं. मुलाचे वडील आपल्या नव्या बंगल्याचं कौतुक सांगत होते, इटालियन फरशी काय, कॉलम काय. मामा शांतपणे ऐकून म्हणाले, "बरं, गच्चीवरच्या पन्हाळ्या कोण साफ करतं?" ते स्थळ पुढे सरकलं नाही. मामी मामांवर महिनाभर चिडून होत्या. मला मनातून बरंच वाटलं.

तर रस्ता सुटला आणि मामांनी बारव धरली.

गोदावरीच्या अंगाला, घनसावंगीहून जीपनं अर्ध्या तासावर एक गाव आहे. तिथं चौकोनी, दगडी, खूप जुनी बारव आहे. चारी बाजूंनी भिंती, पूर्वेकडून पायऱ्या, आत कोनाडे, एका कोनाड्यात शेंदूर लावलेल्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. कोणी बांधली ते कोणाला धड सांगता येत नाही. गावाला नळाचं पाणी आलं तसं तिकडे जाणं कमी झालं. बाळंतीण सव्वा महिन्यानं आसरांना ओटी भरायला येते, तेवढंच. ही बारव कोणाच्या ताब्यात नव्हती. महसूलच्या उताऱ्यावर नव्हती, पुरातत्त्वाच्या यादीत नव्हती, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला नव्हती. मामांच्या हिशेबानं म्हणजे ती कोणाच्याच मैलात नव्हती, म्हणून तिथं हात घालायला हरकत नव्हती. दर शनिवारी खुरपं, दोर आणि ओलं फडकं घेऊन ते जायचे.

जुन्या दगडी बांधकामाचा खरा शत्रू पाऊस नाही, भूकंप नाही. पिंपळ. पाखरं बी टाकतात, सांध्यात ते रुजतं, आणि बोटभर असताना काढलं नाही तर दोनतीन वर्षांत ते मुळं दगडाच्या मागे घालून अख्खी भिंत ढकलून देतं. आता पिंपळ आपल्याकडे कोणी उपटत नाही. पाप लागतं, वंश बुडतो. म्हणून गावोगावच्या बारवा, कमानी, समाध्या अशा पिंपळांच्या मिठीत गेल्या, आणि लोक खालून नमस्कार करत राहिले.

मामा उपटायचे. आधी रोपाला हात जोडायचे, मग दोरावर लटकून खुरप्यानं सांधा मोकळा करायचे आणि मूळ न तोडता रोप अल्लद काढायचे. ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे आणि कुठंतरी पडीक जागेत, गायरानात लावायचे. लोक नावं ठेवायचे. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे नावं ठेवणं फार सोपं होतं. एका बाईनं तर मामींच्या तोंडावर सांगितलं, तुझा नवरा पिंपळ उपटतो म्हणून तुझी कूस उजवली न्हाई. मामी मला हे सांगताना रडल्या. वास्तविक मामांनी पहिला पिंपळ काढला तेव्हा मामींची पन्नाशी उलटली होती, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. मामांना मी विचारलं, तुम्हाला वाईट वाटत नाही? म्हणाले, "मी काय त्याला मारून राह्यलो का? जागा बदलून देऊन राह्यलो. बदली झाली समजा त्याची." मग म्हणाले, "हिला बोलायला नको होतं पण लोकांनी."

मी त्यांच्याबरोबर चारदोन वेळा गेले. इंजिनिअर म्हणून सांगते, त्या भिंतींची दशा बघून मी चाट पडले. जिल्ह्यात अशा कितीतरी बारवा मी पाहिल्यात, सगळ्या ढासळलेल्या. ही चारी बाजूंनी ओळंब्यात उभी होती. कुठलाही निधी नाही, कुठलाही आराखडा नाही. एक म्हातारा माणूस आणि आठवड्याचा एक दिवस, बस्स.

आणि मग योजना आली.

जवळच्या जांब समर्थला, समर्थांच्या जन्मगावी, येणारे भाविक आजूबाजूची ठिकाणंही बघतील, गावांना रोजगार मिळेल, वारसा टिकेल, असं त्या योजनेचं म्हणणं होतं. म्हणणं वाईट नव्हतंच. आमच्या तालुक्यातून एक जागा सुचवायची होती, मी उत्साहानं ही बारव सुचवली. अंदाजपत्रक माझ्याकडेच आलं. सांधे भरणे, वर पेव्हर ब्लॉक, लोखंडी रेलिंग, दिवे, माहितीफलक, बाकडी. मी खोलीत बसून एकेक बाब लिहीत होते आणि मामा दारात उभे राहून बघत होते.

"समदं बराबर हाय," ते म्हणाले. "पण माणूस कुठं हाय?"

"कोणता माणूस?"

"निगा करणारा. तुम्ही बांधून जाल. मी काय जन्माला पुरणार हाय का? माझे गुडघे गेलेत. एक माणूस लिहा, मॅडम. खुरपं, दोर, माणूस. आठवड्यातून एक दिवस यायचं, बाकी काही न्हाई. लई खर्चा न्हाई त्याला."

मला ते पटलं. मनापासून पटलं, हे मला आजही सांगायचंय. मी शेवटची बाब म्हणून लिहिलं: बारवेच्या कायमस्वरूपी देखभालीसाठी एक इसम. मामांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. त्या संध्याकाळी त्यांनी मामींना शिरा करायला सांगितला आणि स्वतः आणून वाटी माझ्या टेबलावर ठेवली. सबंध मुक्कामात मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

अंदाजपत्रक वरून परत आलं. शेवटच्या बाबीवर लाल खूण, आणि समासात लिहिलेलं: आवर्ती खर्च या लेखाशीर्षाखाली अनुज्ञेय नाही, सदर बाब वगळून फेरसादर करावे. मार्चचा शेवटचा आठवडा. ऑफिसात माणसं डबा खायला विसरलेली. मी ती ओळ खोडली, बेरीज बदलली, सही केली आणि फाइल त्याच दिवशी परत पाठवली. फार तर दहा मिनिटांचं काम होतं.

त्या लाल खुणेवर मी पुढे कितीतरी वर्षं विचार केलाय. ती खूण करणारा कोणी दुष्ट माणूस नव्हता, नियमाप्रमाणेच केलं त्यानं. आमच्याकडे बांधायला लेखाशीर्ष आहे, सजवायला आहे, पडलं तर पुन्हा बांधायला आहे. बघत बसायला नाही. रोज थोडं थोडं करायचं काम कोणत्याच रकान्यात बसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, त्याच्यापुढे फीत बांधता येत नाही. म्हणून जे टिकवायचं म्हणून आपण एवढा आटापिटा करतो ते टिकवणारा एक माणूस तेवढा आपल्याला परवडत नाही. मला याचा संताप येतो. पण त्या दिवशी मला संताप आला नव्हता. हुश्श झालं होतं, की फाइल गेली एकदाची.

मामांना मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. त्यांनी विचारलं की म्हणायची, "प्रक्रिया चालू आहे, मामा."

काम झालं. ठेकेदारानं सांधे सिमेंटनं चापून भरले, भिंती नव्यासारख्या दिसायला लागल्या. उद्घाटनाला मंडप, लाउडस्पीकर, सत्कार, सगळं होतं. मामा आले ते खात्याचा जुना खाकी शर्ट इस्त्री करून घालून. हातात एक शंभरपानी वही. गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले आणि वही उघडून दाखवली. चौथी शिकलेल्या माणसाचं ठळक, एकेक सुटं अक्षर. उत्तरेची भिंत, वरून तिसरा थर, कोपऱ्याचा दगड, हितं दर साली पिंपळ येतो. पायरी सातवी हलते, पाय जपून. आसरांच्या कोनाड्यात साप असतो, काही करत न्हाई, त्याला मारू नये. अशी पानंच्या पानं.

"चार्ज लिष्ट हाय," ते म्हणाले. "कुठंय तो माणूस? आज हजर झाला आसल ना?"

माईकवर कोणीतरी वारशाबद्दल बोलत होतं. मामांनी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावली होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "येईल मामा. ऑर्डर निघायची आहे फक्त."

"निघाली म्हंजे झालं," ते म्हणाले. वही त्यांनी माझ्या हातात दिली. "आला की त्याला द्या. आपला चार्ज सुटला."

तुम्ही म्हणाल, खोटं का बोललीस. लाज वाटली, हे एक कारण. दुसरं कारण जास्त खरं आहे आणि ते सांगायला मला जड जातं. मला वाटलं होतं, मामा आहेतच. माणूस नाही मिळाला तरी काय बिघडतंय, मामा शनिवारी जातीलच की. सगळ्या खात्याचं, सगळ्या गावाचं जे चाललं होतं तेच मीही केलं. मामांच्या जिवावर मी ती ओळ खोडली. त्यांच्याच घरात राहून, त्यांच्या मैलाची ती सगळी कहाणी ऐकून, मला एवढं कळू नये?

पुढच्या शनिवारी मामा घरी बसून होते. त्याच्या पुढच्याही. मामी म्हणाल्या, "ह्यांना काय झालंय? नुसते बसून राह्यले. गुडघे दुखत्यात म्हणत्यात." मला तेव्हाच काय ते कळलं होतं. पण त्याच महिन्यात माझी बदली झाली, अंकुशनगरच्या बाजूला कारखान्याच्या रस्त्यांची कामं निघाली होती. निघताना मी पाया पडले. मामा म्हणाले, "वही दिली का त्याला?" मी म्हटलं, "ऑफिसात दिलीय." वही माझ्या ट्रंकेत होती.

दोन पावसाळे गेले. दुसरा ओसरत आला होता तेव्हा घनसावंगीच्या ऑफिसातून, माझ्या जागी आलेल्या इंजिनिअरचा फोन आला. बारवेची उत्तरेची भिंत रात्रीतून आत कोसळली होती. कोणाला इजा नाही. मूळ अंदाजपत्रक माझं, म्हणून पंचनाम्याला मी हवी होते. मी ऑफिसात पोचले तर तो पोरगा हसत हसत एक फाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, हे कोण म्हातारे आहेत हो? दर पावसाळ्याआधी अर्ज देतात. कसला माणूस, मला तर काही कळेना." दोन अर्ज होते. दोन्हींत मजकूर सारखाच. बारवेवर नेमलेला इसम अद्याप हजर झालेला नाही, पिंपळ वाढत आहे, तरी त्यास सक्त समज द्यावी. खाली सही आणि हुद्दा: माजी मैलकुली. मी ती फाइल परत दिली.

बारवेवर बघ्यांची गर्दी होती. पडलेल्या भिंतीच्या दगडांमागे मनगटाएवढं पिंपळाचं मूळ उघडं पडलेलं, आणि त्याला पुढून चिकटलेला सिमेंटचा पापुद्रा. पंचनाम्यावर सह्या झाल्या, लोक पांगले. मग मला मामा दिसले. ते रेलिंगच्या बाहेर उभे होते. दोन वर्षं ते असेच येऊन बाहेरून बघून जायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत, असं मागाहून सरपंचांनी सांगितलं. खूप वाळले होते.

मी जवळ गेले. नमस्कार नाही, कशा आहात नाही. एकदम म्हणाले, "त्या माणसावर काय कारवाई केली खात्यानं? का न्हाई केली अजून? सरकारचा पगार खाऊन राह्यला आन् दोन सालात एक रोप काढू न्हाई शकला? मी असा माणूस पाह्यला न्हाई, मॅडम. असला माणूस बिलकुल पाह्यला न्हाई."

इतक्या रागात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं ते त्या माणसावर चिडून होते. मनातल्या मनात त्याला नोटिसा देत होते.

मी म्हटलं, "मामा, तो माणूस नाही."

"न्हाई म्हंजे? पळून गेला?"

"नव्हताच कधी. वरून ती बाब काढून टाकायला सांगितली होती. मी काढली."

 त्यांनी अगदी हळू विचारलं, "उद्घाटनाच्या दिवशी तुम्हाला ठाव होतं?"

"हो."

 मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील. द्याव्यात असं फार वाटत होतं मला. त्यांच्या आवाजातला राग मात्र सगळा निघून गेला होता.

"मंग मला सांगायचं ना, मॅडम," ते म्हणाले. "मी होतो की."

मला रडू फुटलं. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी चपला काढल्या, रेलिंगचं फाटक लोटलं आणि पूर्वेच्या पायऱ्या उतरायला लागले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. उरलेल्या तीन भिंती ते वरपासून खालपर्यंत नजरेनं तपासत होते. मी मागून धावत जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.